मामा तलाव आणि 'फार्म आउट'

नमनाला घडाभर तेल न घालता सांगतो. गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊच्या कॉलवर क्लायंटकडचा एक वरिष्ठ गृहस्थ म्हणाला, "मेन्टेनन्सचं काम आपण फार्म आउट करू." इतक्या सहज म्हणाला, की जाता जाता दिवा बंद कर म्हणावं तसं. ज्या मॉड्यूलबद्दल तो बोलत होता ते आम्ही सहा जणांनी सहा वर्षं खपून उभं केलेलं आहे. त्यातला कुठला खिळा कुठे ठोकलाय आणि का, हे आम्हालाच ठाऊक. ते आता एका तिसऱ्याच कंपनीला ठरावीक रकमेवर द्यायचं आणि काय काय द्यायचं त्याची यादी मी करायची.

मी वहीत 'फार्म आउट' असं लिहिलं आणि त्या शब्दावरच अडकलो. फार्म म्हणजे शेत. आउट म्हणजे बाहेर. शेत बाहेर? हे काय प्रकरण आहे? आपण आयटीवाले दिवसभर अशी जोडक्रियापदं चघळत असतो. सेट अप, फॉलो अप, साइन ऑफ, रोल आउट, स्केल डाउन... पण ह्या शब्दांचं गाव कुठलं, हे कोणी विचारत नाही. मीही पंधरा वर्षं विचारलं नव्हतं. ह्या शनिवार-रविवारी शोधायला बसलो आणि फिरत फिरत पोचलो कुठे, तर थेट भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीला, माझ्या आजोळी! कसा, ते सांगतो.

आधी शब्द. आपल्याला वाटतं 'फार्म' म्हणजे मुळात शेत, आणि त्यावरून बाकीचे अर्थ आले. खरं म्हणजे उलट आहे. लॅटिनमध्ये 'फर्मारे' म्हणजे पक्कं करणं. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'फिर्मा' म्हणजे पक्की ठरलेली रक्कम. ते फ्रेंचमध्ये 'फेर्म' झालं आणि तिथून इंग्रजीत 'फार्म'. अर्थ एकच : ठरलेला खंड, ठरलेला मक्ता. चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये 'फार्मर' म्हटलं तर डोळ्यासमोर नांगर यायचा नाही, वसुलीला आलेला माणूस यायचा. शेतकऱ्याला तेव्हा दुसरे शब्द होते. पुढे मक्त्याने घेतलेल्या जमिनीलाच 'फार्म' म्हणू लागले आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी ती जमीन कसणारा 'फार्मर' झाला. म्हणजे वसुली करणाऱ्याचं नाव शेवटी ज्याच्याकडून वसूल करायचं त्याला चिकटलं. शब्दांचीही काय काय गंमत असते!

आणखी एक गंमत. ज्या 'फर्म'मध्ये आपण नोकरी करतो तो शब्दही ह्याच घरातला. इटालियनमध्ये 'फिर्मा' म्हणजे सही. सही म्हणजे पक्कं करणं. मग ज्या नावाने व्यापारी सही करतो ते नाव, आणि मग तो धंदाच 'फर्म'. आपण तिकीट 'कन्फर्म' करतो, तेही ह्याच कुळातलं. तेव्हा एखादी फर्म काम फार्म आउट करून ते मेलवर कन्फर्म करते, तेव्हा एकाच आजीची तीन नातवंडं एका वाक्यात बसलेली असतात :)

आता 'फार्म आउट' करणं म्हणजे नेमकं काय, ते बघू. समजा तुम्ही राजे आहात. शंभर गावांचा महसूल गोळा करायचा आहे. त्यासाठी कारकून हवेत, शिपाई हवेत, हिशेब हवा, पाऊस पडला नाही तर काय ह्याची चिंता हवी. आणि तुम्हाला पैसा तर आज हवा आहे, कारण लढाई उद्या आहे. तेवढ्यात एक शेठ येतो आणि म्हणतो, "महाराज, ह्या शंभर गावांचे मी तुम्हाला एक लाख देतो. वसुली माझी मी बघतो. जास्त आले तर माझे, कमी आले तर माझं नशीब." महाराज खूष. डोक्याची कटकट गेली. हेच ते फार्म आउट. आमच्या भाषेत फिक्स्ड प्राइस कॉन्ट्रॅक्ट.

ह्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठली? रक्कम नव्हे. मुदत. शेठला गावं एका वर्षासाठी मिळाली असतील तर तो काय करील? जेवढं पिळता येईल तेवढं पिळून मोकळा होईल. पुढच्या वर्षी तिथे कुसळ उगवेना का! तीच गावं तीस वर्षांसाठी मिळाली, मुलाबाळांना मिळाली, तर कदाचित तो विहीर खणेल. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा धंदा फार जुना. रोमन लोक प्रांतांचे कर 'पुब्लिकानी' नावाच्या मक्तेदारांकडून वसूल करायचे. बायबलमध्ये लोक ज्यांचा तिरस्कार करताना दिसतात ते जकातदार ह्याच परंपरेतले. फ्रान्समध्ये तर 'फेर्म जेनेराल' नावाची मक्तेदारांची एक प्रचंड कंपनीच होती. मिठावरचा कर, तंबाखूवरचा कर, जकाती, सगळं तिच्याकडे. आणि तिचा एक भागीदार कोण होता? आंत्वान लाव्हाझिए! शाळेत ज्वलन आणि ऑक्सिजनच्या धड्यात भेटलेला तोच. १७६८ मध्ये त्याने ह्या कंपनीत हिस्सा घेतला. प्रयोगशाळेचा खर्च त्यातूनच निघायचा. क्रांती झाली, १७९१ मध्ये कंपनी बंद झाली, पण लोक विसरले नव्हते. ८ मे १७९४ ला एकाच दिवशी २८ मक्तेदारांची डोकी गिलोटिनखाली गेली. त्यात लाव्हाझिएचं होतं आणि त्याच्या सासऱ्यांचंही.

हे वाचताना मला वाटलं, राजाने काम फार्म आउट केलं होतं, पण लोकांचा राग कोणावर निघाला? मधल्या माणसावरही निघालाच. (राजाचंही डोकं आधी गेलं होतं म्हणा.)

असो. परदेश पुरे. आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडे ह्यासाठी शब्दांची खाणच आहे. इजारा, मक्ता, ठेका. मराठवाड्यातल्या मित्राला विचाराल तर तो 'गुत्ता' सांगेल आणि कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणेल. त्यातला मक्ता तर फारच बोलका. मक्ता घेणारा मक्तेदार, त्याचा धंदा मक्तेदारी. आज आपण मोनोपॉलीला मक्तेदारी म्हणतो. म्हणजे मराठी माणसाने दोनेकशे वर्षांचा अनुभव एका शब्दात भरून ठेवलाय : एकदा काम मक्त्याने दिलं, की पुढे तिथे त्याच्याशिवाय कोणी नाही.

पेशवाईच्या शेवटी हा प्रकार जोरात होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात (१७९६ ते १८१८) मामलती जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला दिल्या जाऊ लागल्या. वरच्याने खालच्याला पोटमक्ता द्यायचा, त्याने आणखी खालच्याला, आणि शेवटी सगळ्याचा भार रयतेच्या पाठीवर. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात ह्या पद्धतीवर बरंच लिहिलं आहे. पण साहेबांनी फार नाक मुरडायचं कारण नव्हतं. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यावर कंपनी सरकारने तरी दुसरं काय केलं? १७७० च्या भीषण दुष्काळानंतर दोनच वर्षांनी, १७७२ मध्ये, वॉरन हेस्टिंग्जने बंगालचा महसूल पाच पाच वर्षांच्या मक्त्याने लिलावात काढला. लोकांनी भरमसाट बोल्या लावल्या आणि मग त्या रकमा भरता येईनात. टेंडरमध्ये कमीत कमी किंमत सांगून काम घेणारे आणि नंतर हात वर करणारे व्हेंडर आपण पाहतो ना, तेच, फक्त उलट्या बाजूने.

आता मोहाडी.

मोहाडी म्हणजे भंडाऱ्याहून तुमसरला जाताना लागणारं तालुक्याचं गाव. चौंडेश्वरी देवीचं देऊळ, गायमुख नदी, कोशाचं कापड विणणारे कोष्टी, आणि चहूकडे धानाच्या बांध्या. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मला तिथे पाठवत. तेव्हा गावाकडच्या मोठ्या माणसांच्या तोंडी 'मामा तलाव' असा शब्द यायचा. आणि ज्या तलावावर मला न्यायचे तिथे नेणारा माझा मामाच असायचा. त्यामुळे कितीतरी वर्षं माझी अशी पक्की समजूत होती, की हा तलाव माझ्या मामाचा आहे! शाळेत मित्रांना मी तसं सांगितलंही होतं. आमच्या मामाचा स्वतःचा तलाव आहे म्हणून वर्गात माझा भाव वधारला होता.

नंतर कळलं, 'मामा' म्हणजे 'माजी मालगुजारी'. सरकारी कागदातलं संक्षिप्त रूप! फुगा फुटला. पण हा मालगुजार कोण, हे तेव्हा विचारलं नाही. ते विचारायला मला 'फार्म आउट' हा शब्द भेटावा लागला.

माल म्हणजे महसूल, गुजार म्हणजे भरणारा. महसूल भरणारा तो मालगुजार. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात गावाचा पाटील सरकारशी बोली करून गाव घ्यायचा, बहुतेकदा थोड्या मुदतीसाठी, आणि ठरलेली रक्कम सरकारात भरायचा. गावावर त्याची मालकी नव्हती. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, वारस नाही म्हणून १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. मग इंग्रजांनी एक मोठा निर्णय घेतला. ह्या मक्तेदार पाटलांनाच, म्हणजे मालगुजारांना, गावाची मालकी देऊन टाकली. कुळांनी द्यायचा खंड सेटलमेंटमध्ये ठरायचा, त्यातला ठरलेला हिस्सा मालगुजाराने सरकारात भरायचा, बाकीचा त्याचा. आणि हे कित्येक वर्षांसाठी पक्कं. म्हणजे 'फिर्मा'च की! मोहाडीचा तो अख्खा मुलूख जवळजवळ नव्वद वर्षं फार्म आउट केलेला होता.

आता तलाव. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या पट्ट्यात, असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. धानाला पाणी भरपूर लागतं. पाऊस चांगला पडतो, पण सप्टेंबरात ऐन वेळी दडी मारतो. म्हणून उतारावर मातीची पाळ घालून पाणी अडवायचं आणि गरजेला खाली बांध्यांत सोडायचं. ह्यातले कितीतरी तलाव इंग्रजांच्या आधीचे आहेत. गोंड राजांच्या काळात चंद्रपूरकडे असा रिवाज होता असं सांगतात, की जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळायची. काय सुंदर कॉन्ट्रॅक्ट आहे बघा. मोबदला कामाशीच बांधलेला. तलाव गळका बांधलात तर तुमचीच जमीन कोरडी!

ह्या बांधकामात कोहळी समाजाचं नाव सगळ्यात मोठं. नवेगाव बांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी ह्याने बांधला असं मानतात. (१९९९ मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यापासून नवेगाव तिकडे गेलं.) ना इंजिनिअरिंगची पदवी, ना लेव्हल काढायचं यंत्र. पाणी कुठून वाहतं, माती कुठली धरते, सांडवा कुठे काढायचा, हे सगळं बघून बघून आलेलं ज्ञान. आमच्याकडे ह्याला डोमेन नॉलेज म्हणतात आणि हँडओव्हरच्या वेळी ते दोन तासांच्या कॉलमध्ये देऊन होईल असं मानतात.

पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात राहिले आणि देखभालीची जबाबदारीही त्यांच्याकडे. पाळीची डागडुजी, गाळ काढणं, पाणी कोणाला आधी आणि कोणाला नंतर, ह्याचे रिवाज गावोगाव ठरलेले होते आणि ते 'वाजिब-उल-अर्ज' ह्या गावच्या दप्तरात लिहिलेलेही होते. गावकऱ्यांना तलावाचं, जंगलाचं, चराईचं जे काही वापरायचा हक्क होता त्याला 'निस्तार' म्हणत. ढिवर मासे धरत, गुरं पाणी पीत, बाया कपडे धूत.

इथे मला मालगुजाराची आरती ओवाळायची नाही. माझे आजोबा मालगुजाराचं कूळ होते. आजी सांगायची, रोवणीच्या दिवसांत आधी मालगुजाराच्या बांध्यांत जाऊन राबायचं, मग आपल्या. त्याचे पैसे मागायचे नसत. पाळीवर माती टाकायलाही कुळंच असत. आज आपण ज्या तलावांचं कौतुक करतो त्यांत अशी वेठ किती मुरली आहे, त्याचा हिशेब कुठल्या दप्तरात नाही. पण आजी हेही सांगायची, की पावसाळ्यापूर्वी पाळ बघितली जायची. दर वर्षी. कारण पाळ फुटली तर कुळाचं पीक जाई आणि मालगुजाराचा खंडही बुडे. दोघांचं पोट एकाच पाण्यावर होतं.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं बदललं. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. १९५० साली तिथे मालकी हक्क रद्द करण्याचा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. आजोबांसारख्यांच्या आयुष्यातली ही फार मोठी गोष्ट. मधला माणूस गेला! तलाव सरकारचे झाले. मग १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि बहुतेक तलाव त्यांच्याकडे गेले. दहा-बारा वर्षांत एवढ्या टेबलांवरून फाईल फिरली. कुठलाही सॉफ्टवेअरवाला सांगेल, इतक्या मायग्रेशनमध्ये काय हरवतं. तलाव हरवला नाही. पाळीकडे बघायचं कोणी, हे हरवलं. गावाला वाटे, तलाव आता सरकारचा. सरकारकडे हजारो तलाव आणि पैसा तुटपुंजा. पाण्याच्या पट्टीवरून वाद झाले, कारण गावकरी म्हणत आमचा निस्तार हक्क आहे. हळूहळू तलाव गाळाने उथळ झाले, काहींत बेशरमाची झुडपं माजली, काहींच्या पोटात शेतं शिरली.

मागच्या दिवाळीत मामाबरोबर त्या 'मामाच्या' तलावावर गेलो होतो. मामा आता पंचाहत्तरीला आलेत. पाळीवर उभं राहून म्हणाले, "पाह्य बाबू, जो तो म्हणते तलाव सरकारचा. मंग पाळीकडे कोन पाहीन?"

"मामाजी, मालगुजाराच्या वेळी बरं होतं का मग?" मी विचारलं.

"हट्! बापाची पाठ पाह्यली न मी," एवढंच म्हणाले.

मी गप्प झालो. ह्या एका वाक्यात दोन्ही बाजू आल्या होत्या.

मोहाडीत फार्म आउटचा आणखी एक अवतार माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला तो कधी दिसला नाही. बिडी. भंडारा-गोंदियात घरोघरी बाया बिड्या वळायच्या. कारखानदार तेंदूपत्ता आणि तंबाखू सट्टेदाराला द्यायचा, सट्टेदार घरोघरी वाटायचा, वळलेल्या बिड्या मोजून घ्यायचा आणि खराब म्हणून काही बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत. आता ह्या बिड्या वळणाऱ्यांचा आणि सट्टेदाराचा मालक कोण? १९५८ मध्ये मध्य प्रदेशातल्या चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार, कारखान्याचे कामगार नव्हेत. घरी बसून बिड्या वळणाऱ्यांना कायद्याच्या छत्राखाली आणायला १९६६ चा बिडी आणि सिगार कामगार कायदा यावा लागला. आमच्या ऑफिसात निळ्या पट्ट्याच्या आयकार्डवाले आणि पिवळ्या पट्ट्याच्या आयकार्डवाले शेजारी शेजारी बसून एकच कोड लिहितात. पिवळेवाले कोणाचे, हा प्रश्न मोहाडीच्या ओसरीवर केव्हाच विचारून झाला होता.

असो. सोमवारी ती यादी द्यायची होती. मी यादी केली, पण तिच्या वर तीन ओळी लिहिल्या. एक, कंत्राट एका वर्षाचं नको, निदान तीन वर्षांचं करा. दोन, दर तिमाहीला जुनं कोड साफ करायचे दिवस रकमेतच धरा, कारण गाळ कोणी फुकट काढत नाही. तीन, आमच्यातला एक माणूस त्या मॉड्यूलचा जबाबदार म्हणून कायम राहील आणि त्याचं नाव कागदावर असेल. मॅनेजर म्हणाला, "हे तू कुठल्या ब्लॉगवर वाचलंस?" मी म्हटलं, आजोळी. तिसरी अट लगेच मान्य झाली (तो माणूस मीच आहे, हे सांगायला नको). दुसरीवर घासाघीस चालू आहे. पहिली उडाली. कंत्राट एकाच वर्षाचं होणार.

मराठीतही आपण क्रियापदाला क्रियापद जोडतो. 'काम दिलं' आणि 'काम देऊन टाकलं' ह्यांत केवढा फरक आहे! 'टाकलं' म्हणताना हात झटकल्याचा आवाज येतो. इंग्रजीतल्या त्या 'आउट'मध्ये मला आता तोच आवाज ऐकू येतो. काम दुसऱ्याला देण्यात गैर काही नाही. सगळी कामं एकाने करायची म्हटलं तर ना राज्य चालेल ना कंपनी. पण देताना 'टाकायचं' की 'सोपवायचं', एवढं तरी आपल्या हातात असतं.

मामांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "ते ठीक आहे बाबू. पावसाच्या पह्यले ये, पाळ पाहून येऊ."

रजा टाकली आहे.